बरोबरीत सोडवलेली कुस्ती

आमच्या घराण्यात अंगानं मजबूत असे एकच गृहस्थ, ते म्हणजे माझे मोठेबाबा, वडिलांचे थोरले भाऊ. बाकी आम्ही सगळे नुसते तोंडानं मजबूत. मी तर मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कचेरीत बसून बसून असा झालोय, की जिना चढताना प्रत्येक मजल्यावर कोणाची तरी विचारपूस करायचं निमित्त काढून थांबतो. पण माइक हातात आला की मला दम म्हणून लागत नाही. त्यामुळे राजेगावच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा भरली, की दुपारच्या कुस्त्यांच्या दंगलीत बोलायला मीच असतो.

या दंगलीतली शेवटची कुस्ती एकेकाळी मोठेबाबांची असायची. ती पाहायला गोंदियाकडून माणसं सायकली मारत येत. पुढे गुडघे कुरकुरायला लागले आणि त्यांनी कोणाला न सांगता खेळणं सोडलं. मग ओसरीवर बसून ते जुन्या कुस्त्या सांगू लागले. सांगताना शेजारच्याची मान धरून डाव दाखवत, म्हणून त्यांच्या शेजारची जागा बहुधा रिकामी असे. आम्ही हसायचो, पण त्या कुस्त्या आम्हा सगळ्यांना पाठ होत्या.

दोनेक वर्षांपूर्वी दंगलीची गर्दी फारच आटली. मंडळाच्या लोकांनी सुचवलं, की यंदा मोठेबाबांना शाल-श्रीफळ देऊ. मी म्हणालो, शाल कशाला, त्यांना खेळवूच की. हे डोकं माझंच, कोणावर ढकलता येणार नाही. मोठेबाबा तेव्हा सहासष्ट वर्षांचे. मी ते त्यांच्या कानावर घातलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर घरामागे जोर काढत होते. मी त्यांना थांबवायचं सोडून मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढला आणि ‘शेर लौट आया’ असं वर लिहून सगळ्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी कचेरीबाहेरच्या चहावाल्यानं मला चहा फुकट पाजला. शेर मीच असल्यासारखा मी तो प्यायलोही.

मोठी आई, म्हणजे मोठेबाबांची बायको, मात्र चुलीपुढून उठून बाहेर आली.

“त्यायले मातीत उतरवून तुले काय भेटून राह्यलं?”

“मान आहे तो, मोठी आई. गावाचा मान.”

“मंग मान घरी आणून दे. त्यायले तिथं काहून नेतं?”

 मग मी एक शहाणपणा केला. समोरचा पहिलवान परसवाड्याकडचा होता, तिशीतला, मवाळ स्वभावाचा. त्याच्या घरी जाऊन मी त्याला सांगून आलो, की नुसतं धरून ठेव, जोर लावू नको. थोडा वेळ गेला की मी माइकवरून ‘कुस्ती बरोबरीत’ म्हणेन, मग दोघांचे हात वर करू. आमच्याकडे म्हाताऱ्या पहिलवानाची कुस्ती अशी बरोबरीत सोडवायची रीतच आहे, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. फक्त ते म्हाताऱ्यालाही आधी सांगायचं असतं. मोठेबाबांना सांगितलं असतं तर ते आलेच नसते. म्हणून मी तेवढं गाळलं.

त्या दुपारी माणसं झाडांवर चढून बसली होती. मोठेबाबांनी माती कपाळाला लावली. त्या पहिलवानानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. सुरुवातीलाच मोठेबाबांनी त्याच्या कमरेला मिठी घालून त्याला जमिनीपासून वर उचललं, आणि जी आरोळी उठली ती मी आजवर पुन्हा ऐकली नाही. त्यांचा चेहरा मी पाहिला. माझ्या लहानपणी होता तसा चेहरा.

तेव्हाच मी कुस्ती सोडवायला हवी होती. पण मी रंगात आलो होतो. घराण्याचा इतिहास सांगत होतो, मंडळाचे आभार मानत होतो, आलेल्या पाहुण्यांची नावं घेत होतो. त्या पहिलवानानं तीनदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, माझं बोलणं त्याला आवडतंय.

पुढच्या रांगेतल्यांनी नंतर सांगितलं, की मोठेबाबा त्याला दबक्या आवाजात म्हणत होते, “जोर लाव. जोर काहून नाही लावत?” मग मोठेबाबांनी सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत दिली. त्यानं मग जोर लावला. एकदाच.

मोठेबाबा कुशीवर पडले. हाडाचा आवाज मला आला नाही. माइक चालू होता आणि बोलत मीच होतो.

बालाघाटच्या दवाखान्यात खुब्याचं ऑपरेशन झालं. महिन्याभरानं ते घरी आले, वॉकर धरून अंगणापर्यंत जाऊ लागले. एके दिवशी तो पहिलवान केळी घेऊन भेटायला आला आणि खाली मान घालून बसला. मोठेबाबांनी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहून विचारलं.

“मी त्याले उचललं होतं, ते खरं होतं का?”

तो पहिलवान पटकन म्हणाला, “हाँ बाबाजी, बिलकुल सच.” पण तोही माझ्याकडेच पाहत होता. जन्मभर बोलत आलेल्या माणसाला तेव्हा एक खोटं बोलायला काय जात होतं? आजही मला कळत नाही, की मी त्या दिवशी प्रामाणिक झालो की नुसता घाबरलो.

“मीच त्याले सांगतलं होतं, मोठेबाबा. जोर लावू नको म्हणून.”

मोठेबाबांनी तोंड त्या पहिलवानाकडे वळवलं. मग त्याला म्हणाले, “तुया काही दोष नाही, बाप्पा. चाय पे.”

हाड जुळलं. आता ते माझ्याशी बोलतात ते धानाबद्दल, नाहीतर माझ्या वाढलेल्या पोटाबद्दल. मध्यंतरी पाहुणे आले होते. त्यांनी हौसेनं जुनी एखादी कुस्ती सांगा म्हटलं, आणि मोठेबाबांच्या शेजारी जाऊनही बसले. मोठेबाबांनी हात मांडीवरून उचलला नाही.

“सोडा ना जी,” ते म्हणाले. “कोणाले ठाऊक, त्यातल्या कितीक खऱ्या होत्या.”