राक्षसाचा रंग

आमच्या वस्तीतल्या मंडपामागे आज एका गोऱ्या पोराला काजळ फासून नाटकातला राक्षस करत होते. मी बघत राहिलो.

माझ्या वेळी काजळ लागत नसे. आम्ही सिद्दी, पूर्वज आफ्रिकेतून आलेले. “याला रंग कशाला? आयताच राक्षस आहे,” म्हणत मंडळाचे दादा हसायचे आणि मी दरवर्षी टाळ्यांच्या कडकडाटात मरायचो. एका वर्षी बाण लागला, तरी मी पडलोच नाही. दुकानदाराचा पोर देव झाला होता, त्याला दरदरून घाम फुटला. पडद्यामागून दादा दात-ओठ खात ओरडले, “पड रे, पड!” मी ताठ उभा. तो घाम आठवला की अजूनही जिवाला गार वाटतं.

“काका, मरताना कसं पडायचं?” काजळ फासलेल्या पोरानं विचारलं.

“अजिबात पडायचं नाही,” मी म्हणालो.