चुडामण नाना आणि एकशे साठावं कलम

एकतीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात शिपाई म्हणून दाराशी उभे राहून चुडामण नाना रिटायर झाले, बोरपिंप्रीला घरी आले, आणि वर्षभरात गावाने त्यांना वकील करून टाकलं. नोटीस येवो की समन्स, माणूस आधी नानांच्या ओट्यावर यायचा. नाना कागद वाचून दाखवायचे आणि कोर्टात कानावर पडलेलं चार शब्दांत सांगायचे.

पण सांगून झालं की त्यांचा जीव थाऱ्यावर राहायचा नाही. त्याला कारण गावातला शेतकरी झुलाल. बांधाच्या दाव्यात तो हरला तेव्हा नानांनी त्याला छातीठोकपणे सांगितलं होतं, "अपिलाला नव्वद दिवस असतात." ती मुदत हायकोर्टाची. जिल्हा कोर्टात तीसच दिवस मिळतात. झुलाल पंचेचाळिसाव्या दिवशी गेला आणि मुदत टळली म्हणून अपील फेटाळलं गेलं. तो नानांना एका शब्दाने बोलला नाही. समोर आला की राम राम करून पुढे जायचा, आणि तो राम राम नानांना शिवीपेक्षा जास्त लागायचा.

एक्याण्णव सालच्या दिवाळीआधी बसथांब्याजवळ भरदुपारी मारामारी झाली. जीवराम हा गावातला वजनदार माणूस. रस्त्याच्या वादावरून त्याच्या दोन भावांनी अभिमन शिंप्याचं डोकं फोडलं. पाहणारे पुष्कळ होते, पण पोलीस आले तेव्हा कुणी काही पाहिलेलं नव्हतं. राहिली एकटी बेबाबाई. ती विधवा बाई थांब्यावर केळी विकायची आणि मारामारी तिच्या टोपलीपासून दहा पावलांवर झाली होती. संध्याकाळी पोलीस शिपाई तिच्या दारी निरोप देऊन गेला, "उद्या दहाला चौकीवर ये, जबाब द्यायचा आहे."

ती तशीच नानांकडे आली.

"नाना, माले धाक वाटस. बाई चौकीवर गई की गाव काय काय बोलस. जाऊ का नको?"

"जाऊ नको," नाना म्हणाले. "साक्षीदार बाईला चौकीवर बोलवता येत नाही. तिच्या घरी येऊन विचारावं लागतं. कलम एकशे साठ."

बेबाबाई निश्चिंत होऊन गेली आणि नानांची शांती सोबत घेऊन गेली. हे कलम त्यांनी एकदाच ऐकलं होतं, कधीतरी देसले वकील कोर्टात बोलत असताना, तेही दारातून. एकशे साठच होतं ना? ते सगळ्या बायकांना लागू होतं, की आजारी बायकांनाच? ही गेली नाही आणि हिलाच धरून नेलं तर? भाकरी अर्धी टाकून ते अंगणात फेऱ्या मारू लागले.

त्यांची बायको झुंबरबाई दारात उभी राहून पाहत होती. "ऐकीव गोष्टीवर लोकांना वाटेला लावता," ती म्हणाली, "आणि मग स्वतः जळता."

पहाटेच्या पहिल्या एसटीने नाना धुळ्याला निघाले. देसले वकील आता तिथे प्रॅक्टिस करत होते. गाडी प्रत्येक फाट्यावर थांबत होती आणि नाना दर थांब्याला घड्याळ पाहत होते. वकील घरी नव्हते. कोर्टाच्या आवारात चहाच्या टपरीवर सापडले तेव्हा दहा वाजून गेले होते.

"बरोबर सांगितलंत," पुस्तक उघडून वकील म्हणाले. "बाई असो की पंधरा वर्षांखालचा मुलगा, राहत्या घरीच विचारायचं. मात्र तिला जे ठाऊक आहे ते खरं सांगावं लागेल. आणि एक लक्षात ठेवा. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर सही किंवा अंगठा घेता येत नाही. त्याचं कलम एकशे बासष्ट."

नाना धावतच स्टँडवर आले. पहिली बातमी मनाला आधार देणारी होती, पण दुसरी त्यांनी बेबाबाईला सांगितलेलीच नव्हती.

ते गावात उतरले तेव्हा तिच्या दारी चौकीच्या जमादाराची मोटारसायकल उभी होती. सकाळी न्यायला आलेल्या शिपायाला बेबाबाईने परत धाडलं होतं. "मी घरच शे. काय इचारनं ते आठेच इचारा," एवढंच ती उंबऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली होती. आता ती उंबऱ्यात बसली होती, जमादार खाटेवर. कागद लिहून झाला होता आणि शाईचं पॅड उघडं होतं.

"अंगठा द्यायचा नसतो, जमादारसाहेब," नाना दारातूनच म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "एकशे बासष्ट कलम आहे."

"नाना, तुम्ही रिटायर झालात."

"मी झालो. कलम झालेलं नाही."

बेबाबाईने अंगठा मुठीत दाबून धरला. "आधी वाचीसन दखाडा," ती म्हणाली.

जमादाराने नाइलाजाने वाचलं. मध्येच वाक्य आलं, "अंधार असल्याने मारणारे नीट दिसले नाहीत."

"अंधार?" बेबाबाई शांतपणे म्हणाली. "दुपारना दोन वाजेल व्हतात. मी दोन्हीसले देखेल शे. त्यासना नावबी सांगेल शे तुम्हले."

बाहेर बायका जमल्या होत्या, त्यात झुंबरबाईही होती. सगळ्यांच्या देखत जमादाराने ते वाक्य खोडलं, दोन नावं लिहिली आणि पॅड बंद करून निघून गेला.

पुढे सहा महिने जीवरामच्या आळीतल्या कुणी बेबाबाईकडून केळी घेतली नाहीत. ती टोपली घेऊन पारोळ्याच्या बाजारात जाऊ लागली. खटला अडीच वर्षं चालला. कोर्टात तिने तेच सांगितलं. एका भावाला शिक्षा झाली, दुसरा संशयाचा फायदा मिळून सुटला. अभिमन शिंपी पुन्हा मशीनवर बसू लागला, पण सुईत दोरा ओवायला त्याला बायको लागायची.

नानांनी धुळ्याहून कायद्याची मराठी पुस्तकं आणवली. आता कुणी विचारलं की ते लगेच बोलत नसत. "उद्या ये," म्हणायचे, पान शोधायचे, आणि तरीही मनात काहूर राहिलं तर एसटी गाठायचे. झुंबरबाई त्यांची भाकरी फडक्यात बांधून देताना एकच विचारायची, "आज कोणाचं?"

एकदा फाट्यावर गाडीची वाट पाहत असताना झुलाल शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या मुलीला सासरचे नांदवत नव्हते. खिशातून कागद काढत तो म्हणाला, "नाना, हाई जरा देखा. पण पुस्तकमा देखीसन सांगा."

नानांनी चष्मा लावला. गाडी आली आणि दोघेही चढले.