गणितासाठी बसलेली बैठक

अकरावी सायन्सला मी गणित का घेतलं, याचं खरं उत्तर असं की रांगेत माझ्या पुढं उभ्या असलेल्या मुलीनं फॉर्मवर गणितापुढं खूण केली आणि मी तिचं पाहून केली. दहावीत मार्क बरे होते, त्यामुळं कुणी अडवलं नाही. वडिलांनी तर त्याच संध्याकाळी वडनेरच्या बसस्टँडवर पोरगी इंजिनिअर होणार म्हणून चहा पाजला. पुढं पहिली चाचणी झाली आणि मला पंचवीसपैकी तीन मिळाले. त्यातला एक आकृती नीटनेटकी काढल्याबद्दल होता.

रोज बसनं नांदुऱ्याला कॉलेजात जायचं आणि पहिल्याच तासाला फळ्याकडं बघत बसायचं, याची मी इतकी धास्ती घेतली की सकाळी पोटात दुखायला लागलं. रविवारी दुखत नसे. कॉलेजात चौकशी केली, तर गणित सोडून भूगोल घेता येतो म्हणाले. अर्जावर वडिलांची सही आणायची आणि तो शनिवारपर्यंत द्यायचा. अर्ज आणला, पण सही मागायची हिंमत होईना. ज्या माणसानं माझ्या इंजिनिअरिंगचा चहा अख्ख्या स्टँडला पाजला, त्याला काय तोंड दाखवायचं? शेवटी शुक्रवारी सकाळी डोळे मिटून सांगून टाकलं.

वडिलांनी अर्ज वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, चार माणसांत बसून ठरवू. आमच्याकडं मोटारपंप घ्यायचा असो, बैल विकायचा असो की सोयरीक जुळवायची असो, चार माणसं बसल्याशिवाय पान हलत नाही. त्या चौघांना पंपातलं काही कळलंच पाहिजे अशी अट नसते.

संध्याकाळी माणसं आली. माझा मामा, गल्लीतले गवंडीकाका आणि बी-बियाण्याचं दुकान चालवणारे काका. चौथे वडील स्वतः. बैठक म्हटली की आईला पोहेच सुचतात. तिनं मला चांगला ड्रेस घालायला लावून हातात ट्रे दिला. शेजारच्या काकूंनी ते भिंतीवरून पाहिलं आणि लगबगीनं मागच्या दारानं येऊन आईला विचारलं, पोरगा काय करतो? आई म्हणाली, पोरगा नाही, गणितासाठी बसलेत. काकूंना ते काही पटलं नाही. पोरगा दिसेल या आशेवर त्या दोन बशा पोहे खाऊन गेल्या.

मामा म्हणाला, विषय खरंच अवघड आहे का ते आधी पाहू. पुस्तक इंग्रजीत, म्हणून त्यानं सगळ्यात कमी आकड्यांचं पान निवडलं. मी मराठीत सांगितलं: पिशवीत पाच लाल आणि तीन पांढरे चेंडू आहेत. न पाहता दोन काढले, तर दोन्ही लाल निघण्याची शक्यता किती?

बियाणंवाल्या काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

“न पाहता काऊन काढाचे?” ते म्हणाले. “पाहून काढाचे ना.”

गवंडीकाकांना हे एकदम पटलं. मामाचं मत पडलं की पिशवी ज्यानं भरली त्यालाच फोन लावावा. मी म्हटलं, असं चालत नाही. का चालत नाही, ते मात्र मला सांगता येईना. मग गवंडीकाकांनी आईकडून पाच कांदे आणि तीन बटाटे मागून पिशवीत भरले, डोळे मिटून हात घातला आणि दोन कांदे काढून दाखवले. मामा म्हणाला, चाचपून काढले. त्यावरून तासभर जुंपली. कांदे बाहेर, बटाटे बाहेर, आईची भाजी खोळंबली. शेवटी तिघांनी एकमतानं निकाल दिला की हा विषय घरबसल्या होण्यासारखा आहे, पोरीनं सोडू नये. वडील तेवढा वेळ सांडलेले कांदे-बटाटे गोळा करत होते.

माणसं गेली आणि मला रडू फुटलं. तिघांचाही राग आला होता, आणि वडिलांचा सगळ्यात जास्त. ते खाटेवर बसले, खिशातून अर्ज काढला, गुडघ्यावर ठेवला आणि सावकाश सही केली.

मी म्हटलं, पण बैठकीत तर सोडायचं नाही असं ठरलं.

वडिलांनी नववीतून शाळा सोडली ती शेतीसाठी, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मीही लहानपणापासून तेच ऐकलं होतं आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

“शेतीचं मी लोकाइले सांगतो,” ते म्हणाले. “मी गणितापायी शाळाच सोडली होती. तू तं नुसतं गणित सोडून राह्यली.”

त्यांनी अर्ज माझ्या हातात दिला. पेन खिशाला लावून त्यांनी एकदा दाराकडं पाहिलं.

“तुह्या मामाले नको सांगू,” ते म्हणाले.