झेंडूच्या हाराची तार

दसऱ्याच्या सकाळी पुतण्यानं गाडीला हार बांधायला तार मागितली आणि माझं डोकं भणाणलं. "सुतळी घे!" मी खेकसलो.

उंद्रीच्या अंगणातली बाबांची जुनी मोटार आठवली. तिच्या इंजिनाच्या कडेला ऑइलचा बोल्ट होता. हादऱ्यांनी तो ढिला होऊ नये, म्हणून बाबांनी त्याच्या डोक्याला भोक पाडून तार पिळून बांधली होती. त्या दसऱ्याला पूजेसाठी बॉनेट उघडलेलं, उदबत्ती आणि ऑइलचा मिळून एकच वास. थोरल्या काकांना हारासाठी तार सापडेना. "हे तं बिनकामाची हाय," म्हणत त्यांनी बोल्टचीच तार काढली.

पूजा उरकून आम्ही त्याच गाडीतून निघालो. नांदुऱ्याच्या अलीकडे बोल्ट निसटला, सगळं ऑइल रस्त्यावर सांडलं आणि इंजिन कायमचं जाम झालं. पुढे झेंडू मात्र मजेत डुलत होता! काका म्हणाले, "देवानं वाचवलं." थोरल्या भावापुढे बाबांनी नुसतं बॉनेट लावलं. माझं रक्त उकळत होतं, आजही उकळतं.

काका पाणी प्यायला गेले, तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "त्याले इंजिनातलं काय समजते? तुले तं समजत होतं. पक्कड कोनं देली त्याले?"

मीच दिली होती.