गाठीच्या बुडाची शिवण

नोकरी सोडून बरीच वर्षे झाली. पकडलेल्या चोरांचे चेहरे आता एकमेकांत मिसळतात. पण गाठी शिवणारी ती बाई अजून जशीच्या तशी समोर उभी राहते.

मी तेव्हा अकोल्याच्या ठाण्यावर होतो. वऱ्हाडच्या कापसाला विलायतेत सोन्याचा भाव आला होता. अमरावतीत गाठी तरटात शिवल्या जात, तोंडाच्या शिवणीवर व्यापारी लाखेची मोहर उठवी आणि गाड्या अकोल्यावरून रेल्वेकडे जात. तिथून माल मुंबईच्या बंदरात. मोहर शाबूत म्हणजे माल शाबूत, असा सर्वांचा भरवसा.

एके दिवशी मुंबईच्या अडत्याचे पत्र आले. मोहरा शाबूत, पण गाठींच्या पोटात दगडमाती! पुरावा म्हणून एक गाठ परत पाठवली होती. पुन्हा असे झाले तर वऱ्हाडचा कापूस जहाजावर चढणार नाही, अशी तंबी होती.

व्यापाऱ्याने गाडीवानाविरुद्ध फिर्याद दिली. मी त्याला अटक केली. पन्नाशीचा माणूस. जबाब घेताना त्याचे एकच पालुपद, "मले काई ठाव नाई, साहेब. माया बैलायले कोनी पानी पाजलं का?" चार दिवस तो तेच विचारत होता. सराईत गुन्हेगार आधी स्वतःच्या सुटकेचे बोलतो, हे मला ठाऊक होते. तरी मी त्याला सोडले नाही, आणि बैलांचे उत्तरही दिले नाही.

पाचव्या दिवशी मोर्णा नदीकाठचा एक माळी ठाण्यात आला. गाड्यांच्या मुक्कामाचा तळ त्याच्या भाजीच्या वाफ्यांना लागून होता.

"कुंपनापाशी तुटक्या सुतळ्या सापडून राहिल्या, साहेब. कापसाचे पुंजकेबी."

म्हणजे चोरी वाटेत नव्हे, तळावर झाली होती. तळाच्या राखणदाराला विचारले, तर त्याने कानावर हात ठेवले. तेव्हा ती गाठ मुळात कोणी शिवली होती हे व्यापाऱ्याला विचारून, त्या बाईला मी अमरावतीहून बोलावून घेतले.

बाईने गाठीच्या तोंडावरून बोट फिरवले. "हे माया हातचं." मग गाठ उलटवून बुडाची शिवण पाहिली. बोट मध्येच थांबले.

"हेबी मायंच," ती म्हणाली; पण आवाज बदलला होता.

मी तिला दरडावले नाही. शिपायाला पाणी आणायला सांगितले. तेवढ्यात कोठडीतून गाडीवानाने पुन्हा बैलांचे विचारले.

"हा कोन?" बाईने विचारले. याच चोरीत धरलेला गाडीवान, मी सांगितले.

तिने गाठीचे बूड माझ्याकडे वळवले. "मी खोटं बोलली, साहेब. बूड माया हातचं नाई. दहा टाक्यांवर उलटी गाठ मारायची, हे मी एकालेच शिकवलं. तो डावरा हाय, म्हनून टाके उलट्या अंगानं पडले."

"कोण?"

"माया जवाई. तुमच्या तळावरचा राखनदार." तिने पदर तोंडाशी धरला. "पोरीले सातवा महिना हाय, साहेब. पर या मानसानं काहून कोठडीत बसावं?"

राखणदारासमोर ती शिवण ठेवली, तेव्हा त्याने नाकारले नाही. बूड उसवायचे, कापूस काढून दगडमाती भरायची, पुन्हा शिवायचे. मोहरेला धक्काही लागत नसे. "साऱ्यांच्या घरी सोनं येऊन राहिलं, मलेच काहून नाई?" एवढेच तो म्हणाला. पंचनाम्यात त्याच्या गोठ्यातून कापूस निघाला. गाडीवान सुटला. त्याचे बैल त्या माळ्याने आपणहून सांभाळले होते, हे मला तेव्हा कळले आणि लाज वाटली.

पुढे गाठींच्या दोन्ही टोकांना मोहरा लागू लागल्या. प्रत्येक मुक्कामावर सळई खुपसून तपासणीही होऊ लागली. चोऱ्या कमी झाल्या.

राखणदाराची शिक्षा संपली, त्या दिवशी मी कामानिमित्त तुरुंगावर होतो. फाटकापाशी ती बाई नातीला कडेवर घेऊन उभी होती. त्याने मान वर केली नाही.

"तुमीच मले आत धाडलं," तो म्हणाला.

"हो, मीच धाडलं. अन् मीच न्यायले आली. घे, तुयी पोरगी पाह्य."

त्याने हात पुढे केले. तिने मूल नीट त्याच्या हातांत बसेपर्यंत सोडले नाही.

खरे सांगून साक्षीदार ठाण्यातून निघतो, पण त्याला परत त्याच घरी जायचे असते. हे मला कुठल्या कायद्याच्या पुस्तकाने शिकवले नव्हते. त्यानंतर कुणाचाही जबाब घेण्याआधी मी त्याला बसायला सांगत असे, आणि पहिला प्रश्न विचारत असे, "घरी कोण कोण आहे?"