ठाण्यात हलवलेली मान

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी जर्मनीत, नेकारसुल्मच्या कारखान्यात शिकाऊ होतो आणि जवळच्या खेड्यात एका विधवा बाईंकडे खोली घेऊन राहत होतो. मी साधा पदवीधर, तरी त्या मला "हेर डॉक्टर", म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणत. "आतापासून सवय केलेली बरी," म्हणायच्या, "पुढे मोठे झालात की ओळख दाखवाल, न दाखवाल!"

त्यांचे यजमान स्वतःच्या बागेत, शिडीवर चढून सफरचंदं उतरवताना गेले. रानडुकरावर झाडलेली गोळी नेम चुकून शेतं ओलांडून आली होती. त्या रायफलीची गोळी फार लांब जाते. शिकारी गावातलाच, लाकडाचा व्यापारी. अपघात ठरला आणि रायफल त्याला परत मिळाली. तेव्हापासून बाईंना एकच ध्यास होता: अशी रायफल मचाणावरून, जमिनीच्या रोखानंच झाडावी, गावाच्या दिशेनं कधीही नाही, असा नियम व्हावा. अर्ज त्यांनी स्वतः लिहिला होता. त्यावर पोलीस ठाण्याच्या प्रमुखांची शिफारस असली तरच वर कोणी तो वाचणार होतं.

प्रमुख तसा भला माणूस. बाईंना म्हणाले, "एका अपघातावरून नियम होत नाही, बाई. तो पुन्हा तसाच वागताना कोणी पाहिलं असेल तर आणा. मी लगेच सही करतो."

मी पाहिलं होतं. एका रविवारी फिरायला गेलो असताना तो व्यापारी बीटाच्या शेतात उभा राहून गावातल्या छपरांच्या दिशेनं गोळी झाडत होता. जेवताना मी हे सहज बोललो, तर बाईंनी हातातला चमचा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठाण्यात गेलो. माझा पासपोर्ट राहण्याच्या परवान्याच्या मुदतवाढीसाठी प्रमुखांच्याच टेबलावर होता.

"तुम्ही स्वतः पाहिलंत?" त्यांनी विचारलं.

मोठ्या माणसासमोर आपण हलवतो तशी मी मान हलवली, थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे. आपल्याकडे याचा अर्थ हो. त्यांनी कागदावर लिहिलं, 'नाइन'. नाही.

अक्षरं मला उलटी दिसत होती, तरी वाचता आली. तोंड उघडून एक 'या', म्हणजे हो, म्हटलं असतं तर पुरे होतं. मी पासपोर्टाकडे पाहिलं. व्यापाऱ्याचं गावात किती वजन आहे, ते आठवलं. गप्प बसलो.

पुढे आयुष्यभर मी हा प्रसंग गंमत म्हणून सांगितला: मराठी मान आणि जर्मन पोलीस. लोक पोट धरून हसायचे. 'नाइन' वाचल्यानंतरचं मी कधी कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

परतीच्या वाटेवर बाई म्हणाल्या, "माझंच चुकलं, हेर डॉक्टर. तुमचं जर्मन मला नीट कळलं नसणार. जे ऐकायचं होतं तेच ऐकलं मी. उगाच तुम्हाला ठाण्याची पायरी चढायला लावली. माफ करा."

"काही हरकत नाही," मी म्हणालो.

अर्ज शिफारशीविना गेला आणि दोन ओळींच्या उत्तरासह परत आला. माझा परवाना मात्र वर्षभरासाठी वाढला. त्या दिवशी बाईंनी माझ्यासाठी केक केला. मी दोन तुकडे खाल्ले.