चंदनाच्या नावानं गेलेले मेल

शिवलीला निपाणीकडची. मारतहळ्ळीत एका खोलीत राहायची आणि बंगळुरातल्या छोट्या धंद्यांचे मेल सर्व्हर सांभाळायची. तिचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे मल्लेश्वरमचे विश्वासराव. त्यांच्या कारखान्यात शाळांच्या प्रयोगशाळांसाठी काचेचं सामान बनायचं. हे काम तिला दिलं होतं त्यांच्या मुलीनं, चंदनानं. कारखान्याचा सगळा पत्रव्यवहार चंदनाच पाहायची, सामान घेणाऱ्या शाळांत जाऊन मुलांना प्रयोगही शिकवायची. दोघी बरोबरीच्या, बघता बघता जिवाभावाच्या झाल्या. गेल्या साली डेंगीच्या तापानं चंदनाला नेलं. औषधाला गुण यायला वेळच मिळाला नाही.

त्यानंतर विश्वासरावांनी शिवलीलेकडे एकच मागणं केलं. "तिचं खातं बंद करू नकोस अम्मा. मी उघडून वाचत बसतो." कानडी रीतीप्रमाणे लेकीच्या वयाच्या पोरीला ते अम्मा म्हणत. चंदनाचा अवघड पासवर्ड काही त्यांच्या बोटांना साधेना. शेवटी शिवलीलेनंच तो सोपा करून दिला: तिचं नाव आणि जन्मसाल.

यंदा शाळा उघडायच्या ऐन धांदलीत कारखान्याचे मेल पोचेनासे झाले. शाळेला दरपत्रक पाठवावं आणि ते तसंच परत यावं. विश्वासरावांचा फोन आला तशी शिवलीला निघाली. बसमध्येच तिनं मोबाईलवर तपासायला घेतलं. डोमेनच्या नोंदी ठीक होत्या. पण परत आलेल्या मेलखाली कारण दिलेलं होतं: हा सर्व्हर फसवे मेल पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत आहे.

कारखान्यात पोचल्यावर तिनं बाहेर जाणाऱ्या मेलची रांग उघडली. हजारो मेल तुंबले होते. घरबसल्या नोकरीची आमिषं, खोट्या लिंका. आणि प्रत्येकावर पाठवणाऱ्याचं नाव एकच, चंदना.

"अण्णा, चंदनाच्या खात्यात कुणीतरी शिरलंय. तिच्या नावानं लोकांना फसवायला बसलेत."

"तिच्या नावानं?" विश्वासराव खुर्चीत टेकले. "तिला तरी सोडायचं होतं गं."

"पासवर्ड मीच सोपा करून दिला होता."

"मी म्हटलं म्हणून दिलास." मग त्यांनी दबकत विचारलं, "बंद करावं लागतं काय आता?"

"नको. पासवर्ड बदलते, तो तुमच्या कॉम्प्युटरवर साठवून देते, रांग पुसते, मग यादीतून काढा म्हणून अर्ज करते. खातं राहू दे की तसंच."

"सरी, बरं," ते म्हणाले, आणि त्यांचे खांदे सैल पडले.

एवढी मोठी रांग एका फटक्यात पुसता येत होती. पण पडद्यावरून चंदनाचं नाव ओळीओळीनं नाहीसं होत गेलं, तेव्हा शिवलीलेनं मान दुसरीकडे वळवली. दोन दिवसांनी अर्ज मान्य झाला, मेल सुरळीत जाऊ लागले. तिला वाटलं, निभावलं.

पण जे मेल आधीच पोचले होते ते परत कसे बोलावणार? ते चंदनाच्या जुन्या ओळखीपाळखीत गेले होते आणि त्यांना उत्तरं यायला लागली. शनिवारी शिवलीला खात्री करायला गेली, तर विश्वासराव असलंच एक उत्तर उघडून बसले होते. गदगकडच्या एका शाळेचे मुख्याध्यापक मल्लाप्पा यांचं. 'अक्का, लिंक काही उघडली नाही, पण वर्षभरानं तुमचं नाव पाहून बरं वाटलं. तुम्ही शिकवलेला प्रयोग मुली अजून करतात. यंदा नक्की या.'

"मी लिहिते अण्णा, काय ते," शिवलीला म्हणाली.

"नको. त्यांना ठाऊकच नाही. मी कुणाला सांगितलंच नाही बघ. मला सांगवेना."

त्यांनी स्पीकरवर फोन लावला. आधी कानडीत पावसापाण्याचं बोलले, परीक्षानळ्यांच्या नव्या मालाचं बोलले. पलीकडून मास्तर 'अक्का कशा आहेत' म्हणून विचारत होते.

"पोरगी गेली, मास्तर," विश्वासराव म्हणाले. हे शब्द शिवलीलेनं त्यांच्या तोंडून कधीच ऐकले नव्हते.

पलीकडून मास्तरांच्या रडण्याचा आवाज खोलीभर ऐकू येऊ लागला, आणि विश्वासरावच त्यांना समजावू लागले. फोन ठेवला, डोळे पुसले, पुढचं उत्तर उघडलं, एका शिक्षिकेचं. "हिचा नंबर बघून दे," ते म्हणाले. अंधार पडेपर्यंत दोघं तेच करत राहिली.

परतीच्या बसमध्ये शिवलीलेला रडू कोसळलं. कुठे उतरणार म्हणून कंडक्टरनं दोनदा विचारलं, तिच्यानं थांब्याचं नाव सांगवेना.